स्लिपपलीकडची लॅब : पदवीच्या वर्गाला माहिती प्रणाली शिकवताना

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या स्लिपवर साधारणपणे दोन टेबले, त्यांच्यातील नाते आणि चार-पाच क्वेरी, म्हणजे टेबलांना विचारायचे प्रश्न, एवढाच मजकूर असतो. डॉक्टर आणि रुग्ण, ग्राहक आणि मागणी, शिक्षक आणि विषय या जोड्या वर्षानुवर्षे ठरलेल्या असल्यामुळे मुले त्या पाठ केल्यासारख्या सोडवतात, उत्तर बरोबर येते, बाहेरचे परीक्षक सही करतात आणि बॅच संपते. त्याच मुलाला व्हायव्हामध्ये एकच प्रश्न जास्तीचा विचारून पाहावा : रुग्णाच्या टेबलातील ही ओळ प्रत्यक्षात कोण भरतो, केव्हा भरतो आणि चुकीची भरली गेली तर ते कोणाच्या लक्षात येते? मुलगा परीक्षकांकडे न पाहता आपल्याकडे पाहू लागतो, कारण हे आपण त्याला कधी शिकवलेलेच नसते.

विषयाचे नाव माहिती प्रणाली असले तरी तिच्यातील डेटाबेस तेवढा लॅबमध्ये येतो. माणसे, नियम, वेळ आणि पैसा हा उरलेला भाग फळ्यावरच राहतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बीबीए (सीए) किंवा बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या वर्गांना शिकवणाऱ्यांच्या हाती ना अभ्यासक्रम असतो ना खरेदीचे अधिकार. लॅबचे तास कसे वापरायचे, हे मात्र बऱ्याच अंशी त्यांच्याच हाती असते. पुढील मार्गदर्शन त्या तासांपुरते आहे आणि त्याचा गाभा एवढाच की संपूर्ण सत्र एकाच चालत्या व्यवसायाच्या माहितीवर काढावे आणि लॅबची मांडणी त्या कामाला लागेल तशी करावी.

व्यवसाय चालत जाण्याच्या अंतरावर असावा

व्यवसाय निवडताना मोठ्या नावाचा मोह टाळावा. हिंजवडीतील एखाद्या कंपनीने एक दिवसाची भेट दिली, तर मुलांना काचेच्या भिंती आणि कँटीन दिसते. माहिती कोणाकडून कोणाकडे जाते ते दिसत नाही. बँका आणि रुग्णालये गोपनीयतेमुळे काही दाखवू शकत नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. आपल्याला हवा असतो तो लहान व्यवसाय, ज्यात रोज नोंदी होतात, पैशांचा हिशोब असतो, चार-पाच माणसे वेगवेगळी कामे करतात आणि नियम कुठेही छापलेले नसतात. मार्केट यार्डातील भुसाराचा गाळा, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, इस्त्रीचे दुकान यांपैकी काहीही चालेल. मी सदाशिव-नारायण पेठांतील खानावळ सुचवेन, कारण बाहेरगावहून आलेले आपले कितीतरी विद्यार्थी तिचे सभासदच असतात आणि नियम समजला नाही तर संध्याकाळी जेवायला गेल्यावर ते विचारून येऊ शकतात.

पहिले दोन आठवडे संगणक बंद ठेवावेत. चार-चार जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने दुपारची गर्दी ओसरल्यावर, साधारण चार वाजता, चालकांची परवानगी घेऊन अर्धा तास खानावळीत बसावे. तेथे काय विचारायचे, हे आधी लिहून न्यावे, पण वहीचे एक पान तरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय परत येऊ नये. माणूस आपल्या कामाविषयी सांगतो ते आणि त्याच्या वहीत असते ते, यांत नेहमीच थोडा फरक असतो, आणि आपला विषय त्या फरकातच दडलेला असतो.

आमच्या पहिल्या प्रयोगात बहुतेक गटांनी परत आल्यावर ‘उपस्थिती’ नावाचे टेबल आखले होते. सभासद, तारीख, सकाळ की संध्याकाळ, जेवला की नाही, असे चार रकाने होते. वर्गातील हजेरीपटाची ती सरळ नक्कल होती. खानावळीचे सभासद 86 धरले, तर 30 दिवसांच्या दोन वेळच्या नोंदी म्हणजे महिन्याला 5,160 ओळी. त्या भरणार कोण, असे विचारल्यावर गट गप्प झाला. पोळ्या लाटणाऱ्या मावशींचे हात कणकेने भरलेले असतात आणि वाढणारा मुलगा एका वेळी सहा ताटे सांभाळत असतो. मग आम्ही खानावळ चालवणाऱ्या काकूंच्या वहीच्या पानाचा, नावे झाकून काढलेला, फोटो पुन्हा पडद्यावर लावला. त्या पानावर जेवलेल्यांची नोंद कुठेच नव्हती, नोंद होती ती खाड्यांची. आधी कळवून चुकवलेले जेवण तेवढे लिहायचे आणि बाकी सगळे जेवले असे धरायचे, ही त्या वहीची रीत. काकूंनी डेटाबेसचे नावही ऐकलेले नसेल, पण फक्त अपवादाची नोंद ठेवली की काम किती हलके होते, हे त्यांनी वहीच्या एका रेघेत सोडवून ठेवले होते.

नियमही त्याच पानाभोवती सापडतात. खाडा आदल्या रात्री नऊच्या आत सांगायचा, सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर धरायचा नाही, रविवारी संध्याकाळी खानावळ बंद, पाहुण्याचे ताट वेगळे लावायचे. प्रत्येक खानावळीचे नियम वेगळे असतात, म्हणून ते गृहीत धरू नयेत. मुले नियमांची यादी करून थांबतात, आणि येथे शिक्षकाने त्यांना आणखी एक पाऊल पुढे ढकलायचे असते : नऊच का? दहा का नाही? उत्तर असे, की साडेनऊला मटकी किंवा छोले भिजत घालायचे असतात. 86 सभासद, 11 खाडे, 4 पाहुणे, म्हणजे उद्या सकाळी 79 ताटे. ही एक संख्या काकूंना रात्री साडेनऊला हवी असते आणि सकाळी आठला मिळाली तर तिचा काही उपयोग नसतो. महिनाअखेरचा सुबक अहवाल, आलेख आणि डॅशबोर्ड करण्यात रमलेल्या मुलांना हे एकदा उमगले, की अहवाल कोणासाठी आणि किती वाजता, हा प्रश्न ती पुढे स्वतःहून विचारू लागतात.

या दोन आठवड्यांच्या शेवटी प्रत्येक गटाकडून तीन कागद घ्यावेत. एकावर नियम, दुसऱ्यावर कोणती नोंद कोण कधी करतो याचे चित्र, आणि तिसऱ्यावर टेबलांचा आराखडा. आराखडा पेन्सिलीने काढलेला असावा. संगणकावर काढलेली आकृती मुलांना पूर्ण झाल्यासारखी वाटते आणि मग ती बदलायला त्यांचा हात उठत नाही.

वीज, तारा आणि एक सर्व्हर

आता लॅबकडे वळू. नवे संगणक मिळाल्याशिवाय काही करता येत नाही, ही समजूत सोडून द्यावी. एडगर कॉड यांनी माहिती टेबलांत मांडण्याचे रिलेशनल मॉडेल मांडले 1970 मध्ये. त्याच्या पायावर उभे असलेले पदवी स्तरावरील काम आठ-दहा वर्षांच्या जुन्या यंत्रावरही निर्वेध चालते. (ज्या शहरात 1991 मध्ये सी-डॅकने परम 8000 हा महासंगणक उभा केला, त्या शहरातील काही लॅबमध्ये त्याच काळातला टर्बो सी अजून निळ्या पडद्यासह नांदतो आहे. ते मात्र वेगळे दुखणे आहे.) विंडोज 10 ला मिळणारा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स घालून पाहावे. ब्राउझर, लिबरऑफिस आणि डेटाबेसशी जोडणारा एखादा क्लायंट एवढेच लागते. एका यंत्रावर सगळे नीट बसवून क्लोनझिला या मुक्त साधनाने त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत घ्यावी आणि ती बाकीच्यांवर उतरवावी, म्हणजे सुट्टीतील दोन दिवसांत लॅब सारखी होते आणि ‘सर, माझ्या पीसीवर हे नाहीये’ हे वाक्य कानावर येत नाही.

डेटाबेस मात्र प्रत्येक यंत्रावर वेगवेगळा टाकू नये. स्लिपची पद्धत मुलाला एकटे पाडते : त्याचे यंत्र, त्याचे टेबल, त्याच्या पाच ओळी. खरी माहिती प्रणाली अनेकांची मिळून एक असते, म्हणून लॅबमध्ये एकच सर्व्हर असावा आणि सर्वांनी त्याला जोडून काम करावे. 32 जीबी मेमरीचे साधे डेस्कटॉप यंत्र, त्यावर पोस्टग्रेस ही मुक्त डेटाबेस प्रणाली, प्रत्येक गटासाठी स्वतंत्र स्कीमा (टेबलांचा वेगळा कप्पा) आणि एक सामाईक स्कीमा, इतके 60 विद्यार्थ्यांना भरपूर होते. इंटरनेट बंद पडले तरी तास बुडत नाही, हा त्यातला मोठा दिलासा.

येथे खरेदीतील एक नेहमीची चूक सांगून ठेवतो. 24 संगणकांसाठी 24 पोर्टचा स्विच मागवला जातो आणि बसवायच्या दिवशी लक्षात येते, की सर्व्हर आणि बाहेरून येणारी लाइन जोडायला पोर्टच उरले नाही. मग पुण्यातील विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या वायरी आणि कुठूनतरी मिळालेला पाच पोर्टचा डबा यांवर वर्षभर कारभार चालतो. मागणीपत्र लिहितानाच मोठा स्विच लिहावा.

यूपीएसचा हिशोबही आधी करावा. एक संगणक आणि पडदा मिळून सुमारे दीडशे वॉट धरले, तर 24 यंत्रांना 3,600 वॉट लागतात. 5 केव्हीएचा यूपीएस त्याला पुरतो, पण तो किती मिनिटे पुरेल हे बॅटऱ्यांवर ठरते. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार, हे वेळापत्रक करणाऱ्यांना आठवत नाही आणि लॅबच्या बॅचला दर वेळी आठवते. निदान सर्व्हर आणि स्विच यांना वेगळा छोटा यूपीएस असावा.

प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन द्यावे. सगळ्या लॅबसाठी एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवल्याने लॅब असिस्टंटचे काम सोपे होते, पण कोणी काय बदलले हे कळण्याचा मार्ग बंद होतो. शिवाय अधिकारांची वाटणी हा शिकवण्याचाच भाग आहे. खानावळीत वाढणाऱ्या मुलाला खाड्याची यादी दिसावी, थकबाकी दिसू नये; हिशोब पाहणाऱ्या मुलीला रक्कम भरता यावी, पण जुनी नोंद पुसता येऊ नये. गटातील चौघांना अशा चार भूमिका वाटून द्याव्यात आणि त्यांचे अधिकार ग्रँट (देणे) व रिव्होक (काढून घेणे) या आज्ञांनी त्यांनीच ठरवावेत. दुसऱ्याच दिवशी ‘मॅडम, ह्यानं माझं टेबल डिलीट केलं’ अशी तक्रार आली, तर अधिकार कोणी आणि कसे दिले होते ते त्या दोघांनीच शोधून काढावे, आपण उत्तर देण्याची घाई करू नये.

माहिती मळकीच द्यावी

प्रकल्पासाठी बनवलेल्या माहितीत सगळी नावे नीट, सगळ्या तारखा एका साच्यात आणि सगळे पत्ते पूर्ण असतात. अशी माहिती बाहेर कुठेच नसते. मात्र खानावळीच्या सभासदांची खरी नावे आणि फोन नंबर लॅबमध्ये आणायचे नाहीत. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, पण कायदा नसता तरी कोणाची थकबाकी किती, हे वर्गात फिरवणे योग्य ठरले नसते. नावे बदलावीत, फोन नंबर नव्याने तयार करावेत, पण माहितीतील मळ तसाच ठेवावा. सदाशिव पेठ कुठे ‘स. पेठ’ असते, कुठे नुसते 411030, तर कुठे ‘भिकारदास मारुतीजवळ’ एवढाच पत्ता. 3/4 ही तारीख 3 एप्रिल की 4 मार्च, हा घोळ आर्थिक वर्षाच्या सीमेवर बसतो आणि एक पावती चुकीच्या वर्षात जाते. असे तीनशे-चारशे दोष मुद्दाम पेरलेली फाइल गटांना द्यावी आणि ती स्वच्छ करताना प्रत्येक निर्णय का घेतला, ते एका स्तंभात लिहायला सांगावे.

मराठी नावांसाठी एक पूर्ण तास राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे, कारण मराठी मुलांना शिकवताना हाताशी असलेले इतके चांगले उदाहरण आपण वाया घालवतो. फळ्यावर ‘क्षीरसागर’ लिहावे आणि अक्षरे मोजायला सांगावीत. सगळे पाच म्हणतात. मग पोस्टग्रेसला वर्णांची संख्या विचारावी. तो नऊ सांगतो. क, हलन्त, ष, दीर्घ वेलांटी, र, स, काना, ग, र अशी ती नऊ चिन्हे. बाइट विचारले तर 27, कारण यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आता आडनावाचा रकाना आठ वर्णांचा ठेवणाऱ्या गटाला क्षीरसागर सभासद नोंदवायला सांगावा. नोंद नाकारली जाते आणि डोळ्यांना पाच अक्षरे दिसत असताना ती का नाकारली गेली, हे त्या गटाला आयुष्यभर लक्षात राहते. त्यापुढची पायरी ‘कऱ्हाडकर’. त्यातील ऱ एका चिन्हाने टाइप होतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली तर जुळत नाहीत, आणि एकाच माणसाचे दोन सभासद तयार होतात. लिबरऑफिसमधून काढलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी कचरा दिसणे, हा अनुभव तर बहुतेकांनी घेतलेला असतो. त्याचे कारण त्याच तासात सांगून टाकावे.

दोन खुर्च्या, एक संख्या

सर्व्हर एकच ठेवण्याचे खरे फळ या प्रात्यक्षिकात मिळते. पाठ्यपुस्तकातील ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द व्हायच्या बदलांचा, धडा मुले खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याच्या उदाहरणावर वाचतात, व्याख्या पाठ करतात आणि पुढे जातात. तो धडा लॅबमध्ये दोन शेजारच्या यंत्रांवर करावा. खानावळीत सभासद काकूंना खाडा सांगतो आणि दुसरा सभासद त्याच वेळी त्यांच्या मुलाला फोन करतो, असे समजावे. ‘उद्याची ताटे’ या टेबलात 79 ही संख्या साठवलेली आहे. अकरा क्रमांकाच्या यंत्रावर ट्रान्झॅक्शन सुरू करून एकीने 79 वाचले. बारा क्रमांकावर दुसऱ्यानेही 79 च वाचले. अकरा क्रमांकाने त्यातून एक वजा करून 78 लिहिले, पण अजून कमिट केले नाही, म्हणजे बदल कायम केला नाही. बारा क्रमांकानेही 78 लिहून एंटर दाबले आणि त्याचा पडदा तिथेच थांबला.

‘सर, हँग झालाय.’ हे वाक्य येणारच. आपण काही न बोलता अकरा क्रमांकाला कमिट करायला सांगावे. ती एंटर दाबते आणि शेजारचा थांबलेला पडदा त्याच क्षणी पुढे सरकतो. कुलूप म्हणजे काय, हे त्यानंतर फार समजवावे लागत नाही. मग बारा क्रमांकालाही कमिट करायला लावून टेबल उघडावे. दोन खाडे सांगितले गेले, ताटे हवीत 77, टेबलात मात्र 78. दोघांनीही चूक केली नाही, यंत्रानेही चूक केली नाही, आणि तरी एका ताटाचे अन्न वाया जाणार आहे.

यावर उपाय काय, हे मुलांनीच सुचवावे. कोणी वाचतानाच ओळ कुलूपबंद करायला सुचवतो, कोणी वजाबाकी एकाच अपडेट आज्ञेत करायला सांगतो; दोन्ही बरोबर आहेत. एखादी मुलगी म्हणते, की ही संख्या साठवायचीच कशाला, खाडे तर वेगळे लिहिलेलेच आहेत, हवी तेव्हा मोजावी. काकूंची वहीही तेच करत होती. त्यानंतर त्याच जोडीने एकाच सभासदाचा एकाच जेवणाचा खाडा दोन्ही यंत्रांवरून नोंदवून पाहावा. सभासद, तारीख आणि वेळ यांवर युनिकचे, म्हणजे तीच नोंद पुन्हा न येऊ देण्याचे, बंधन असेल, तर दुसरा पुन्हा थांबतो. पहिल्याने कमिट केले तर दुसऱ्याला त्रुटी मिळते, रोलबॅक करून बदल मागे घेतला तर दुसऱ्याची नोंद बसते. हा एक तास मला सत्रातील सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्यासाठी खर्च शून्य येतो.

नियम बदलावेत, मग वीज घालवावी

सत्राच्या मध्यावर, गटांची प्रणाली जेमतेम चालू लागली असताना, एक पत्र वाटावे : पुढील महिन्याच्या 1 तारखेपासून मासिक दर 3,200 रुपयांवरून 3,500 रुपये होत आहे. बहुतेक गटांनी दर एकाच ठिकाणी ठेवलेला असतो. तो बदलताच मागच्या महिन्याची बिलेही 3,500 ची निघतात, आणि चुकते केलेल्या सभासदांच्या नावावर 300 रुपयांची थकबाकी उभी राहते. दराला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन रकाने का लागतात, ते मग कोणी सांगावे लागत नाही. नियम असे अचानक बदलत नाहीत, अशी कुरकुर झाली तर मार्केट यार्डाचे उदाहरण द्यावे. 2016 मध्ये राज्यात फळे आणि भाजीपाल्याची आडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला आणि वर्षानुवर्षांच्या हिशोबपट्टीचा साचाच बदलला. पुढच्याच वर्षी, 1 जुलै 2017 रोजी, जीएसटी आला.

नियमानंतर वीज. त्यासाठी सर्व्हरवर एक आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आतच चालणारा दुसरा संगणक, उभे करावे, त्यात डेटाबेस चालू असताना एका विद्यार्थ्याने दहा नोंदी कमिट कराव्यात, पुढच्या पाच तशाच अर्धवट ठेवाव्यात आणि आपण ते यंत्र बेधडक बंद करावे. पुन्हा सुरू केल्यावर दहा जागच्या जागी असतात आणि पाचांचा मागमूस नसतो. खऱ्या सर्व्हरवर हा खेळ करू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

बॅकअपविषयी मला अधिकाराने बोलता येते, कारण ती चूक माझी स्वतःची आहे. एका सत्रात मी रोज रात्री आपोआप निघणारा बॅकअप त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर ठेवला होता आणि तो उघडून पाहण्याची तसदी कधी घेतली नव्हती. एका गुरुवारी यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकली, वीज आली-गेली आणि पॉवर सप्लाय जाताना दोन्ही डिस्क घेऊन गेला. मुलांचे तीन आठवड्यांचे काम माझ्या आळसापायी गेले. तेव्हापासून बॅकअप वेगळ्या खोलीतील यंत्रावर जातो, आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घरी येतो आणि दर पंधरा दिवसांनी एक गट तो रिकाम्या यंत्रावर पुन्हा उभा करून दाखवतो. उभा करायला किती मिनिटे लागली, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो.

गुण, जर्नल आणि स्लिप

एवढे सगळे करताना विद्यापीठाची परीक्षा स्लिपवरच होणार, हे विसरून चालत नाही, आणि मुले ते विसरूही देत नाहीत. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच अभ्यासक्रमातील प्रत्येक प्रात्यक्षिक खानावळीच्या कोणत्या कामात येते, याचा तक्ता करून लॅबच्या दाराला लावावा. जॉइन (टेबलांची जोडणी) हवा असेल तर थकबाकीची यादी आहे, ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारी आज्ञा) हवा असेल तर सलग तीन दिवसांची अट आहे, व्ह्यू (टेबलांतील निवडक भागच दाखवणारी सोय) हवा असेल तर वाढणाऱ्या मुलाचा पडदा आहे. शेवटचे दोन आठवडे मग निव्वळ स्लिपच्या सरावाला द्यावेत. खऱ्या माहितीवर हात बसलेल्या मुलाला डॉक्टर आणि रुग्णाच्या स्लिपला अर्धाही तास लागत नाही.

अंतर्गत गुण मात्र आपल्या हाती असतात आणि ते छापील जर्नलच्या जाडीवर देऊ नयेत. क्वेरी कोणी लिहिली, हा प्रश्न आता निरर्थक होत चालला आहे; मोबाइलवर चॅटजीपीटीला विचारले की ती दोन सेकंदांत मिळते. ते बंद करण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा विद्यार्थ्याला त्याच्याच प्रणालीसमोर बसवावे, एक लहानसा नियम बदलून सांगावा, जसे की रविवारचा खाडा आता धरायचा नाही, आणि 40 मिनिटांत बदल करून, त्यामुळे जुने काय मोडू शकते ते तोंडी सांगायला लावावे. वाटल्यास चॅटजीपीटी उघडे ठेवू द्यावे. काकूंचा नियम त्याला ठाऊक नसतो, तो मुलालाच नेमक्या शब्दांत मांडावा लागतो, आणि गुण त्या मांडणीला द्यायचे असतात.

अभ्यासाचे साहित्य शोधत बसावे लागत नाही. लिबरऑफिससारख्या साधनांचे मराठीतील स्पोकन ट्युटोरियल आयआयटी मुंबईने उपलब्ध करून दिले आहेत. ते मुलांनी घरून पाहावेत, लॅबचा तास त्यावर घालवू नये. वेळ उरलाच तर अखेरच्या आठवड्यात मुंबईच्या फ्रापे कंपनीने तयार केलेली, व्यवसायाचे सगळे हिशोब सांभाळणारी मुक्त प्रणाली ईआरपीनेक्स्ट सर्व्हरवर बसवून दाखवावी. तिच्यात दराच्या यादीला ‘कधीपासून लागू’ हा रकाना दिसला, की मागच्या बाकांवरून ‘हे आपण पण केलंय’ असा आवाज येतो.

पुढच्या बॅचच्या हाती

सत्र संपले की प्रकल्पाची सीडी कपाटात जाते, ही प्रथा मोडावी. चांगल्या वठलेल्या दोन प्रणाली निवडाव्यात आणि पुढील वर्षीच्या बॅचला पहिल्याच दिवशी चालू स्थितीत द्याव्यात, सोबत मागच्या गटाने लिहिलेली दोन पानांची टिपणे : टेबले काय आहेत, कोणता नियम कुठे लिहिला आहे आणि काय अर्धवट राहिले आहे. नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षे बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्याने लिहिलेली प्रणाली दुरुस्त करण्याचेच काम येते आणि त्याचा सराव पदवीच्या तीन वर्षांत कुठेच होत नाही.

हस्तांतर समोरासमोर व्हावे. धाकट्या बॅचने प्रश्न विचारावेत, थोरल्यांनी उत्तरे द्यावीत आणि आपण मागच्या खुर्चीवर बसून लिहून घ्यावे. गेल्या वेळी पहिलाच प्रश्न असा आला, की खाड्याच्या टेबलात ‘नोंद कोणी केली’ हा रकाना आहे, पण तो सगळीकडे रिकामा का? ज्याने तो रकाना आखला होता, त्याने आधी शेजारणीकडे पाहिले आणि मग कबूल केले, की रकाना केला, पण भरायची सोय पडद्यावर द्यायची राहिली. धाकट्या बॅचचे पहिले काम ठरले.